मळ्यातल्या घराला सोलर किती लागतं?

२०२४च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना आली आणि गावोगावच्या स्लॅबवर पॅनल दिसायला लागले. पाठोपाठ एक तक्रारही ऐकू यायला लागली: "तीन किलोवॅटचं बसवलंय, तरी लाईट गेली की घरात अंधारच. मग सोलरचा उपयोग काय?"

तक्रार रास्त आहे, पण सिस्टिम बिघडलेली नसते. या योजनेतलं सोलर महावितरणच्या तारेला जोडलेलं असतं. दिवसा उरलेली वीज तारेत जाते, रात्री तारेतून परत येते आणि हिशोब मीटरवर होतो. तारेतली वीज गेली की पॅनलची वीज घराच्या वापरायोग्य करणारा यातला इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, आणि त्याने तसं करणं सक्तीचं असतं. नाहीतर लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरून आलेला शॉक बसेल. योजना बिल कमी करण्यासाठी आहे. एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये हे अनुदानसुद्धा तारेला जोडलेल्या घरांनाच मिळतं.

मग ज्यांच्या घरापर्यंत तारच आलेली नाही, त्यांनी काय करायचं? मळ्यातली वस्ती, डोंगराच्या सोंडेवरचं एकटं घर, कोकणातल्या बागेतली राखणीची खोली. किंवा तार आहे, पण ती शेतीच्या फीडरची, म्हणजे वीज कधी दिवसा, कधी अपरात्री. अशा घराला बॅटरीचं, स्वतःच्या पायावर उभं राहणारं सोलर लागतं आणि त्याचा पैसा बहुतेक वेळा स्वतःच्याच खिशातून जातो. म्हणून किती पॅनल, किती बॅटरी हा हिशोब दुकानात जाण्याआधी घरी झालेला बरा. दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचं देऊ?" त्याचं उत्तर त्याच्यावरच सोडलं, तर दुकानात जे पडून आहे तेच तुमच्या घराला योग्य ठरतं.

सुरुवात पॅनलपासून नाही, बल्बपासून

दोन शब्द एकदा समजून घेऊ. वस्तू चालू असताना ज्या वेगाने वीज खाते तो वेग म्हणजे वॅट. किती वॅट आणि किती तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास, आणि असे १,००० वॅट-तास झाले की बिलावरचं एक युनिट. ९ वॅटचा बल्ब ५ तास लावला तर ४५ वॅट-तास. पुढचं सगळं गणित एवढ्यावरच उभं आहे.

उदाहरणाला जुन्नरच्या बाजूचं, उसाच्या मळ्यातलं चार माणसांचं घर घेऊ. आत ९ वॅटचे तीन एलईडी बल्ब, प्रत्येकी ५ तास: १३५ वॅट-तास. अंगणात एक बल्ब रात्रभर. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्या दारापर्यंत येतो, तिथे हा दिवा चैनीत मोडत नाही, म्हणून ११ तास धरायचे: ९९. एक पंखा १० तास. बत्तीस इंची टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मिळून ५५ वॅट, ३ तास: १६५. तीन मोबाईल, एका चार्जिंगला २० धरून: ६०. मिक्सर ५०० वॅटचा, पण चटणी-वाटणाला दिवसातून सहा मिनिटं: ५०.

पंख्यापाशी जरा थांबू, कारण पैसे वाचवायची पहिली जागा इथे आहे. जुना साधा पंखा ७०-७५ वॅट खातो. बीएलडीसी नावाने मिळणारा नवा पंखा तेवढाच वारा ३० वॅटमध्ये देतो. दहा तासांत एका पंख्यामागे ४०० वॅट-तासांचा फरक पडतो. बीएलडीसी पंखा हजार-दीड हजार रुपयांनी महाग असतो. पण साध्या पंख्याची ही जास्तीची भूक भागवायला लागणारं पॅनल आणि बॅटरी मिळून दहा हजारांच्या आसपास जातात. साधं मीटर-कनेक्शन असलेल्या घरात 'जुना पंखा चालतोय, चालू दे' म्हणता येतं. इथे तसं म्हणणं परवडत नाही. आपल्या हिशोबात बीएलडीसीच धरू: ३०० वॅट-तास.

सगळं मिळून ८०९. म्हणजे पाऊण युनिटाहून थोडं जास्त. गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांची नावं यात नाहीत आणि नसावीत. ज्या वस्तूचं काम तापवणं, ती या बजेटमध्ये बसत नाही. पाण्याला चूल किंवा सौर बंब, इस्त्रीला कोळसा किंवा बाजारपेठेतला इस्त्रीवाला.

यादीत न दिसणारं एक खाणारं तोंड

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. बॅटरीतली वीज असते १२ व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. टीव्हीला हवी २३० व्होल्ट एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी. मध्ये इन्व्हर्टर. तो वीज बदलताना दहा-बारा टक्के खातो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण काहीही चालू नसताना, नुसतं बटण दाबून ठेवलं तरी तो स्वतःसाठी वीज घेतो. लहान इन्व्हर्टर साधारण १० ते २० वॅट. बारा वॅट धरले, तरी चोवीस तासांचे २८८ वॅट-तास झाले. म्हणजे आपल्या पंख्याइतकंच खाणारं एक तोंड, ज्याचा वारा कोणालाच लागत नाही.

सगळं घर इन्व्हर्टरवर चालवलं, तर ८०९ चे मधली गळती आणि हे बसून खाणं धरून १,२०० च्या पुढे जातात. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. बल्ब, पंखा आणि मोबाईल चार्जर थेट १२ व्होल्टवर चालणारे घ्यायचे. ते सोलरच्या दुकानात मिळतात, नाहीतर तालुक्याच्या बाजारात मागवता येतात. इन्व्हर्टर लावायचा तो फक्त टीव्ही किंवा मिक्सरच्या वेळेपुरता, साडेतीन तास, आणि नंतर बटण बंद. असं केलं की रोजचा खर्च साधारण ८८० वॅट-तासांवर येतो. एक रुपयाचं पॅनल न वाढवता सव्वातीनशे वॅट-तासांची बचत.

"सारखं चालू-बंद कोण करणार?" हा प्रश्न येतोच. ज्या घरात कोणी करणार नाही, तिथे सरळ १,२०० धरून मोठी सिस्टिम घ्यावी. कागदावर काटकसर करायची आणि प्रत्यक्षात इन्व्हर्टर चालू ठेवून झोपायचं, यात बॅटरी लवकर मरते.

३०० वॅटचं पॅनल ३०० वॅट देत नाही

पॅनलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो: ठरावीक प्रखर ऊन आणि पॅनलच्या काचेमागच्या सेलचं तापमान २५ अंश. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ते सेल ६०-६५ अंशांना जातात. प्रत्येक अंशामागे अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर घट होते, त्यामुळे ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हा पॅनल आपल्या ताकदीतले दहा-पंधरा टक्के गमावून बसलेलं असतं. धूळ, वायर, बॅटरीत भरताना होणारी गळती धरून एकूण सत्तर टक्के हातात येतं, असं मानून चालावं.

दिवस बारा तासांचा असला तरी पूर्ण ताकदीच्या उन्हात मोजला तर तो फार लहान निघतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन एकत्र करून 'भर उन्हाचे तास' काढतात. महाराष्ट्रात ते वर्षाच्या सरासरीने पाच-साडेपाच भरतात. एप्रिल-मे महिन्यांत साडेसहाच्या पुढे जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीनच्या आसपास येतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर झड लागली की काही दिवस दोनसुद्धा मिळत नाहीत.

दुकानातला हिशोब बहुतेक वेळा सरासरीचा, पाच तासांचा असतो. ८८० भागिले पाच, सत्तर टक्के धरून, उत्तर येतं २५० वॅट. मार्चमध्ये बसवलेली अशी सिस्टिम मे महिन्यापर्यंत झकास चालते. जूनच्या शेवटी बॅटरी 'खराब' निघते. खरं तर बॅटरी उपाशी असते. साडेतीन तासांनी हिशोब केला तर उत्तर ३६० वॅट येतं. जिथे पावसाळ्यातही राहायचं आहे, तिथे पावसाळ्याचाच आकडा धरायचा. कांद्याच्या हंगामापुरतं किंवा आंब्याच्या राखणीपुरतं घर वापरत असाल, तर सरासरीवर भागतं.

जाता जाता पॅनलच्या तोंडाविषयी. दक्षिणेकडे तोंड आणि अठरा-वीस अंशांचा उतार, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम थंडीसाठी चांगला आहे. पण जूनमध्ये भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि ढगांतून येणारा उजेड सगळ्या आभाळातून येतो. तेव्हा पॅनल थोडं आडवं असलेलं बरं. दहा-पंधरा अंश ठेवा, धूळ धुऊन जाण्याइतका उतार पुरतो. सावलीला मात्र सूट नाही. शेवग्याची एक फांदी कोपऱ्यावर आली, तरी पॅनलचा तिसरा हिस्सा झोपू शकतो. मग बायको म्हणते फांदी तोडा, आई म्हणते शेंगा येतात. पॅनल पलीकडे सरकवा.

"ढगाळ दिवसांसाठी जादा बॅटरी ठेवली तर?"

या लेखात मला मुख्य सांगायचं आहे ते इथे. जुन्या पुस्तकांत आणि अजूनही बऱ्याच दुकानांत नियम असा सांगतात, की तीन-चार दिवस ऊन पडलं नाही तरी चालेल एवढी बॅटरी घ्या. पॅनल सोन्याच्या भावात होते तेव्हा तो नियम बरोबर होता. आज पॅनलचा किरकोळ भाव वॅटला साधारण २० ते ३० रुपयांवर आला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर उतरला. बॅटरी मात्र आजही सिस्टिममधली सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी मरणारी वस्तू आहे.

नळ आणि टाकीचं बघा. पॅनल हा नळ, बॅटरी ही टाकी. पावसाळ्यात नळ बारीक होतो. त्यावर तुम्ही टाकी मोठी आणली. पहिल्या दोन दिवसांत ती रिकामी झाली. नळ बारीकच आहे आणि रोजचा वापर चालू आहे, मग ही मोठी टाकी भरणार कोण? ती अर्धी-पाऊण रिकामीच राहते. पाण्याच्या टाकीला रिकामं राहून काही होत नाही, पण शिशाच्या बॅटरीला होतं. ती आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि बॅटरी कायमची लहान होते. थोडक्यात, पावसाळ्यासाठी म्हणून घेतलेली मोठी बॅटरी पावसाळ्यातच खराब होते.

याउलट नळच जाड घेतला तर? ३६० वॅटची गरज असताना ५४० वॅटचं पॅनल लावलं, तर जुलैच्या सर्वसाधारण दिवशी १,३०० वॅट-तास येतात. भर उन्हाचे दोनच तास मिळाले अशा कुंद दिवशीही ७५० च्या पुढे. ८८० च्या खर्चात टीव्ही बंद ठेवला की तो दिवस निभतो आणि बॅटरीला हात फारसा लागत नाही. जास्तीच्या १८० वॅटला पाच हजार रुपये पडतात. एक युनिट जादा साठवणाऱ्या बॅटरीला त्याच्या चौपट-पाचपट पडतात, आणि ती बॅटरी स्वतःहून एक वॅटही तयार करत नाही.

म्हणून बॅटरी एका रात्रीची आणि वर थोडी, बाकी सगळा जोर पॅनलवर. सलग आठ दिवस झड लागली तर अंधार होईल का? अंगणातला आणि आतला एक असे दोन दिवे आणि मोबाईल एवढ्याला दिवसाला दोनशेच्या आसपास वॅट-तास लागतात. तेवढं ५४० वॅटचं पॅनल काळ्याकुट्ट दिवशीही देऊन जातं.

पाण्याची की लिथियम?

बॅटरीवर 'एएच', म्हणजे अँपिअर-तास लिहिलेले असतात. अँपिअर हे वाहणाऱ्या करंटचं माप. त्याला व्होल्टने गुणलं की वॅट-तास मिळतात. १२ व्होल्ट १५० एएचची ट्यूब्युलर, आपण जिला पाण्याची बॅटरी म्हणतो ती, म्हणजे १,८०० वॅट-तास. पण ती रोज अर्ध्यापेक्षा जास्त उतरवायची नसते, म्हणून कामाचे ९००. लिथियममधला घरासाठी योग्य प्रकार म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. १२.८ व्होल्ट १०० एएच म्हणजे १,२८०, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात: सव्वाहजार छापील, हजार कामाचे. आपल्या घराला संध्याकाळपासून सकाळपर्यंत सातशेच्या आसपास लागतात. दोन्ही पुरतात.

ट्यूब्युलर पंधरा-सोळा हजारांत येते, लिथियम बावीस ते अठ्ठावीस हजारांत. ट्यूब्युलरला दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, हवा खेळती असलेली जागा आणि टर्मिनलवरची पांढरी बुरशी पुसणं लागतं. नीट सांभाळली तर ती चार-पाच वर्षं जाते, आणि मेली तरी भंगारात पैसे येतात. लिथियमला देखभाल जवळपास नाही, ती अर्धवट भरलेली राहिली तरी चिडत नाही आणि तिचं आयुष्य दुपटीच्या वर आहे. पावसाळ्याचा मुद्दा बघता, पैसे जमत असतील तर लिथियम. पण गावात सर्व्हिस देणारा कोण आहे, वॉरंटीचा कागद कोणाच्या सहीचा आहे, हे आधी बघा. ऑनलाईन आलेली अनामिक लिथियम बॅटरी सहा महिन्यांनी बंद पडली, तर ती परत करायला पत्ता सापडत नाही.

ट्यूब्युलर घेणाऱ्यांनी बॅटरीवर 'सी १०' लिहिलंय ना, ते पाहावं. 'सी २०' ही इन्व्हर्टरवाली. तिच्यावरचा आकडा हळूहळू, वीस तासांत उतरवून मोजलेला असतो, त्यामुळे तोच आकडा छापलेला असला तरी ती थोडी लहान असते.

स्वस्तातला कंट्रोलर महाग कसा पडतो

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये, बॅटरी नीट भरण्याचं काम सांभाळणारा चार्ज कंट्रोलर बसतो. त्याचे दोन प्रकार, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पहिला हजाराच्या आत, दुसरा सात-आठ हजार. बजेट कमी असलेला माणूस पहिल्याकडे वळतो आणि तिथेच फसतो.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५४० वॅटचं पॅनल साधारण ४१ व्होल्टला १३ अँपिअर देतं, तेव्हा त्याचे जवळपास ५४० वॅट होतात. पीडब्ल्यूएम पॅनलला सरळ बॅटरीला टेकवतो. व्होल्टेज ओढलं जातं बॅटरीच्या १३ वर, करंट तोच १३ अँपिअर. तेरा तेरं एकशे एकोणसत्तर. ५४० चे पैसे दिले, १७० वॅट घरात आले. शिवाय तारेला काहीच जोडलेलं नसताना हे पॅनल ५० व्होल्टच्या जवळ जातं, तेवढं सोसायची ताकद स्वस्त पीडब्ल्यूएममध्ये नसतेच. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो आणि बॅटरीला ४० अँपिअरपर्यंत करंट मिळतो. लिथियमला तेवढा चालतो. १५० एएचच्या एकाच ट्यूब्युलरला तो जास्त होतो, तिला पंधरा-वीसवर थोपवायचं सेटिंग कंट्रोलरमध्ये करून घ्यावं.

"मग १२ व्होल्टचंच लहान पॅनल घेऊ, पीडब्ल्यूएम चालेल." चालतो, खरंच चालतो. पण लहान पॅनल वॅटमागे महाग मिळतात. १६५ वॅटच्या दोन पॅनलना जवळपास तेवढेच पैसे पडतात जेवढे ५४० च्या एकाला. एक-दोन दिवे आणि मोबाईल एवढीच गरज असेल तर हा रस्ता धरा, पंखा आणि टीव्ही हवा असेल तर नको.

आणखी एक. बाजारात बाराशे-पंधराशे रुपयांत 'एमपीपीटी' छापलेले डबे मिळतात. आत पीडब्ल्यूएमच असतो. खऱ्या एमपीपीटीत तांब्याची जाड गुंडाळी आणि मागे ॲल्युमिनियमची फासळ्यांची पाठ असते, तो हातात घेतला की वजन लागतं.

तीन व्होल्ट वायरनेच खाल्ले

१२ व्होल्टच्या कामात वायर हा दिखाव्याचा खर्च नसतो. गणित करून दाखवतो. बॅटरीपासून इन्व्हर्टर दहा मीटर लांब, दुसऱ्या खोलीत ठेवला. घरगुती वायरिंगची अडीच एमएमची तांब्याची वायर टाकली. जाऊन-येऊन वीस मीटर. २० अँपिअर वाहायला लागले की त्या वायरीत जवळजवळ तीन व्होल्ट मरतात. बॅटरीपाशी १२.५ दिसतात आणि इन्व्हर्टरपाशी ९.५ पोचतात. इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून पिपाणी वाजवतो, बॅटरी भरलेली असते, आणि घरचे दुकानदाराला शिव्या घालतात. दहा एमएमची वायर टाकली तर तेच नुकसान पाऊण व्होल्टवर येतं. त्याहून सोपं म्हणजे बॅटरी, कंट्रोलर आणि इन्व्हर्टर एकाच भिंतीवर, दीड-दोन मीटरच्या आत बसवणं. लांब वायर न्यायचीच तर पॅनलकडून न्या. तिथे व्होल्ट जास्त आणि अँपिअर कमी असतात.

बॅटरीच्या टर्मिनललगत फ्यूज हवाच. आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, डीसीचा हवा. एसीतला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही, घरातला साधा एमसीबी उघडल्यावरही आत जळत राहू शकते. वळवाच्या पावसात वीज पडण्याचा आपल्याकडचा अनुभव पाहता स्टँडला अर्थिंग करा. पाचशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे. कोकणात माकडं पॅनलवर उड्या मारतात आणि वायरी ओढतात, तिथे वायर पाईपातूनच घ्यावी.

"ट्रॅक्टरची बॅटरी पडून आहे, घरचा जुना इन्व्हर्टर आहे"

गाडीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते: दोन सेकंद प्रचंड करंट, मग लगेच भरून घेणं. रोज रात्रभर उतरवली तर काही महिन्यांत संपते. आठवडाभराच्या तात्पुरत्या सोयीला ठीक.

जुना इन्व्हर्टर आणि त्याची ट्यूब्युलर बॅटरी चांगल्या अवस्थेत असतील, तर ती मात्र खरी बचत आहे. त्या बॅटरीला वेगळा चार्ज कंट्रोलर आणि पॅनल जोडलं की काम भागतं. फीडरची वीज अधूनमधून येत असेल, तर ती आली की हा इन्व्हर्टर आधी तिच्यावरच बॅटरी भरून घेतो आणि पॅनलची वीज वाया जाते, एवढं लक्षात ठेवा. दिवसा त्याचं मेनचं बटण बंद ठेवायचं.

फ्रिज आणि पंप

लहान एक-दरवाजी फ्रिज दिवसाला अर्धा युनिट खातो. ऐकायला कमी वाटतं. पण तो आला की इन्व्हर्टर चोवीस तास चालू राहणार, म्हणजे त्याचं बसून खाणंही परत आलं. दोन्ही धरून खर्च ८८० वरून १,७०० च्या जवळ जातो. म्हणजे दुसरं पॅनल, दुसरी बॅटरी. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट मागतो, त्यासाठी इन्व्हर्टरही मोठा. दुधाचा धंदा असेल किंवा घरात इन्सुलिन ठेवावं लागत असेल तर घ्याच. थंड पाण्यासाठी माठ आहे.

विहिरीचा पंप या सिस्टिमवर अजिबात टाकू नका. पंपाला बॅटरी लागतच नाही: ऊन असताना पाणी उपसायचं आणि टाकीत किंवा शेततळ्यात साठवायचं. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं कितीतरी स्वस्त. त्यासाठी राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, आणि जमिनीप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप.

सगळे मिळून किती?

भाव तालुक्यागणिक बदलतात, तरी अंदाज असा. ५४० वॅटचं पॅनल चौदा हजार, ४० अँपिअरचा एमपीपीटी आठ, लिथियम बॅटरी पंचवीस, प्युअर साईन वेव्ह (तारेतल्यासारखीच वीज देणारा) लहान इन्व्हर्टर सहा, गॅल्व्हनाइज्ड स्टँड चार, वायर-फ्यूज-एमसीबी-अर्थिंग पाच. बासष्ट हजार. बारा व्होल्टचे पंखा-बल्ब आणि मजुरी वेगळी. पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि अठ्ठावीस किलोच्या घरात असतं, मोटरसायकलवर आणायचा बेत करू नका.

एवढे एकदम नसतील तर क्रम असा लावा: पॅनल, एमपीपीटी, स्टँड आणि जाड वायर आत्ता, कारण ती दहा-पंधरा वर्षं हलवायची नाहीत. बॅटरी आत्ता ट्यूब्युलर घ्या, ती मेल्यावर लिथियम. इन्व्हर्टर आणि टीव्ही पुढच्या पट्टीला, उसाचे पैसे आल्यावर. दिवे, पंखा, मोबाईल तोवर डीसीवर चालतात. उलटा क्रम, म्हणजे आधी मोठा इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी, मग 'पॅनल बघू नंतर', हा सगळीकडे दिसतो आणि हमखास फसतो.

"पण मग वीज फुकट ना?"

नाही. ८८० वॅट-तास रोज म्हणजे वर्षाला ३२० युनिट. लिथियम बॅटरी दहा वर्षं टिकली आणि मध्ये काहीच बिघडलं नाही असं धरलं, तरी बासष्ट हजारांत ३,२०० युनिट. एका युनिटला एकोणीस रुपये. महावितरणच्या घरगुती जोडणीचा पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा, स्थिर आकार धरूनही, याहून स्वस्त पडतो. म्हणून खांब जवळ असेल आणि कोटेशन आवाक्यातलं असेल, तर आधी मीटर घ्या. मीटर आलं, लोडशेडिंग राहिलं, तर याच हिशोबाने दिवे आणि एका पंख्यापुरतं, निम्म्या खर्चातलं सोलर पुरतं.